फॉर्मवर ‘कुंपण आहे’ लिहिलं होतं, मंत्रिमहोदय

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

परवा आपल्या खात्याचं उत्तर आलं: ‘आपले निवेदन विचाराधीन आहे.’ घरगुती पोहण्याच्या तलावांभोवती कुंपण कसं असावं, याचे नियम तीन महिन्यांत काढतो, असं आपण मला समोर बसवून सांगितलं होतं. त्याला चौदा महिने झाले. म्हणून आता हे चारचौघांत लिहिते आहे.

आमच्या घरामागच्या तलावाला कुंपण होतं. छातीएवढं उंच, आडव्या पट्ट्यांचं, दिसायला देखणं. बसवणारा म्हणाला, ‘पोरांसाठी एकदम सेफ.’ तपासणीला आलेल्या साहेबांनी फॉर्मवर ‘कुंपण आहे का?’ यापुढे ‘होय’ लिहिलं, सही केली आणि गेले. हातात साधी टेपसुद्धा नव्हती. त्याच पट्ट्यांवर शिडीसारखे पाय देत माझी तीन वर्षांची लेक चढली. मी दहा पावलांवर कपडे वाळत घालत होते. काही ऐकू आलं नाही. बुडणारं लेकरू हाक मारत नाही, साहेब. मला आधी दिसली ती दुसऱ्या पट्टीवर अडकलेली तिची लाल चप्पल.

ती वाचली. पण अतिदक्षता विभागाबाहेरचे ते नऊ दिवस माझ्या अंगातून अजून गेलेले नाहीत. बादलीत नळ सोडला तरी पोटात गोळा येतो. रात्री दोनदा उठून तिच्या नाकाशी हात धरते. कुंपण मीच पसंत केलं होतं, हे मला कुणी सांगायची गरज नाही. पण पसंत करताना विचारावं तरी कुणाला? दुकानदाराकडे रंगांचा कॅटलॉग होता, मापांचा नव्हता. आपल्या कार्यालयात तर तोही नव्हता.

मापं मी रात्री जागून शोधली. ऑस्ट्रेलियात उंची किमान १.२ मीटर लागते. दोन गजांमधली फट १० सेंटिमीटरच्या आत, जमिनीलगतचीही तेवढीच. गज उभे असले की पाय टेकायला जागा राहत नाही. आसपास ९० सेंटिमीटरच्या टप्प्यात चढायला आधार होईल अशी कुंडी, खुर्ची, फांदी काही नको. फाटक तलावाच्या उलट बाजूला उघडायचं, सोडलं की आपोआप मिटून कडी पडायची. आणि कुंपण चारही बाजूंनी हवं. घराची भिंत चौथी बाजू धरली की एक दार उघडं राहिलं, खेळ खलास. यात कठीण काय आहे? न्यूझीलंडने १९८७ साली कायदा केला, फ्रान्सने २००३ साली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली, त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं. विचाराला अजून किती वेळ हवा?

एक खातं म्हणतं, कुंपण बांधकामात येत नाही. दुसरं म्हणतं, खासगी तलाव आमच्याकडे नाही. मग माझ्या लेकीच्या फुप्फुसात शिरलेलं पाणी कुठल्या खात्याचं? आपल्याकडे प्रत्येक गोष्ट अशीच चालते. पूल पडला की पाहणी, आग लागली की तपासणी, माणूस गेला की समिती. मेल्याशिवाय फाईल हलत नाही आणि माझी मुलगी जगली, म्हणून तिची फाईल पडून आहे. हे लिहिताना हात थरथरतो आहे, पण मला हेच दिसतं.

मला भरपाई नको. तो फॉर्म बदला. ‘कुंपण आहे का?’ याखाली पाच रकाने वाढवा: उंची, फट, आधार, फाटक, कडी. तपासणाऱ्याच्या हातात टेप द्या आणि सहीखाली त्याचं नाव येऊ द्या.

आम्ही उभ्या गजांचं कुंपण घातलं आहे. कडी दीड मीटरवर आहे. लेक रोज चवड्यांवर उभी राहून हात लावून बघते. अजून पोचत नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
एक आई