मार्गदर्शक श्वानाला आधी दार उघडे हवे

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

सविनय नमस्कार.

न्यू जर्सीत राहणारी आम्ही अकरा मराठी मंडळी गेल्या महिन्यात मॉरिसटाउन येथील ‘द सीइंग आय’ ही १९२९ साली सुरू झालेली संस्था पाहून आलो. दृष्टिहीनांसाठी मार्गदर्शक श्वान तयार करणे हे तिचे काम. आमच्यासोबत पुण्याहून आलेले माझे दृष्टिहीन मामा होते. त्यांनी तिथे विचारलेला एक प्रश्न आपल्या कानी घालावा, म्हणून हे पत्र.

कुत्रा माणसाला इच्छित स्थळी नेतो, हा आमचा समज तिथे पहिल्या पाच मिनिटांतच गळून पडला. रस्ता माणसालाच ठाऊक असावा लागतो. तो वाहनांच्या आवाजाचा अंदाज घेऊन पुढे जाण्याची आज्ञा देतो, आणि त्याच क्षणी समोरून गाडी येत असेल तर कुत्रा ती आज्ञा मोडून जागीच थांबतो. आज्ञा पाळायला शिकवणे सोपे, ती केव्हा मोडायची हे शिकवणे कठीण. म्हणून प्रशिक्षक मुद्दाम गाडी आडवी आणून हा सराव करून घेतात. पिल्लू दीड-दोन महिन्यांचे असताना स्वयंसेवक कुटुंबाकडे जाते, वर्षभराने परतते आणि त्यानंतर सुमारे चार महिने शिकते. पहिल्या श्वानासाठी दृष्टिहीन व्यक्तीकडून केवळ १५० डॉलर घेतले जातात. उरलेला खर्च देणग्यांवर चालतो.

मामांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “हा माझ्याबरोबर बँकेत आला, तर दारावरचा शिपाई काय म्हणेल?”

अमेरिकेत याचे उत्तर १९९०च्या दिव्यांगविषयक कायद्याने दिले आहे. श्वानाचे काम लगेच लक्षात येत नसेल, तर कर्मचाऱ्याला दोनच प्रश्न विचारता येतात : हा श्वान दिव्यांगत्वामुळे आवश्यक आहे का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? कागदपत्रे मागता येत नाहीत. मात्र श्वान आवरला जात नसेल, तर त्याला बाहेर नेण्यास सांगता येते.

महाराष्ट्रात असे केंद्र तातडीने काढावे, अशी मागणी मी करत नाही. आपल्याकडचे तुटके पदपथ, मोकाट कुत्री आणि उन्हाळ्यात तापणारे डांबर पाहता ती अविचाराची ठरेल. (मामांच्या मते त्या पदपथांवर काठीसुद्धा गोंधळते.) परंतु एसटी, रुग्णालय, बँक, उपाहारगृह आणि गृहनिर्माण संस्था येथे मार्गदर्शक श्वानासह प्रवेश कसा द्यावा, हे दारावरच्या शिपायालाही समजेल अशा मराठीत सांगणारे एक परिपत्रक आपल्या विभागाने काढावे, एवढीच विनंती आहे. कारण महिनोन्‌महिने शिकवलेला श्वान दाराशीच अडवला जाणार असेल, तर तो घेण्याचे धाडस कोणीही करणार नाही.

मामा जानेवारीत पुण्याला परततील. मसुद्यावर चर्चेसाठी बोलावल्यास काठी घेऊन मंत्रालयात येण्याची त्यांची तयारी आहे.

आपली नम्र,
न्यू जर्सीतील एक मराठी रहिवासी