काकू, तुम्ही रकमेवर फूटपट्टी ठेवलीत

काकू,

काल क्रेडिट कार्डाची थकबाकी फिटली. मोबाइलवर 'देय रक्कम शून्य' दिसलं तशी तुम्हाला सांगायला निघाले, पण जिन्यातच रडू फुटलं आणि परत फिरले. तोंडाने बोलणं जमायचं नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्याआधी मदत मागून झाली नव्हती असं नाही. एका सल्लागाराने माझा पगार तेवढा विचारला, खर्चाचं नावही काढलं नाही आणि अर्ध्या तासात पॉलिसी गळ्यात मारली. तिचा पहिला हप्ता मी कार्डावरच भरला! घरच्यांनी 'आमच्या वेळी' सुरू केलं. खर्च नोंदवणारं अ‍ॅप निदान बोलत तरी नव्हतं, पण निम्मा खर्च 'इतर'मध्ये ढकलून मोकळं व्हायचं. बिलावरची किमान रक्कम भरली की झालं, ही माझी समजूत मात्र कुणीच मोडली नाही. महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ नव्हे, व्याजावर व्याज चढून ४२च्या वर जातं, हे तुम्ही पाठकोऱ्या कागदावर करून दाखवलंत तेव्हा मला कळलं. आणि मी पदवीधर! असो.

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. त्या संध्याकाळी खर्चाची वही तुमच्यापुढे सरकवली तेव्हा मला घाम फुटला होता. तुम्ही चष्मा लावलात, वही उघडलीत आणि एक ओळही वाचायच्या आधी लाकडी फूटपट्टी उचलून रकमेच्या रकान्यावर उभी ठेवलीत. "आकडे तुझे तुझ्यापाशी राहू देत. मला तारीख, वेळ आणि कशावर, एवढंच वाचायचंय." पान उलटलं की आधी पट्टी, मग नजर. एकदा ती घसरली, तर खिडकीकडे बघत चाचपून परत जागेवर ठेवलीत. हे सगळं तुम्ही इतकं सहज केलंत, की मला ते घरी गेल्यावर उमगलं.

आणि गंमत म्हणजे रक्कम न बघताच तुम्हाला सगळं दिसलं. पगारानंतरचा पहिला आठवडा नोंदींनी गच्च, शेवटचा जवळजवळ कोरा. नको त्या खरेद्या रात्री अकरानंतरच्या. दर महिन्याच्या त्याच तारखेला आपोआप कापली जाणारी दोन सदस्यत्वं, जी मी उघडूनही पाहत नव्हते. "विम्याचा हप्ता 'अचानक' कसा गं आला? तारीख तर वर्षभर आधीच छापलेली असते." तेव्हापासून असले हप्ते १२ने भागून दर महिन्याला बाजूला काढते.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या खतावण्या सांभाळलेल्या तुम्ही. तुमच्याकडून एक शब्द कायमचा मिळाला. पैसे कुठे गेले ते आठवत नसलं की मी काहीतरी रचून लिहायची. तुम्ही म्हणालात, "खोटं लिहू नकोस, उचंत लिही आणि पुढे जा." उचंत म्हणजे हिशेब न लागलेल्या रकमेचं तात्पुरतं खातं. आधीच्या वह्या मी याच एका गोष्टीपायी सोडल्या होत्या. एक दिवस ताळा जमला नाही की वही कपाटात.

जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची वही तयार केली. अशा वहीला तिकडे काकेबो म्हणतात, हे मी अलीकडेच वाचलं. नावात काकू आहे असं मला उगाचच वाटलं.

दुसऱ्याची अडचण कळली की लोक आधी आकडा विचारतात. किती थकलंय, किती पगार, किती उडवलेस. काळजीनेच विचारत असतील, पण तो सांगताना माणूस बसल्या जागी लहान होतो. कुणाला पैशाची मदत करणारे पुष्कळ बघितले. मदत करताना नजर बाजूला ठेवणारं माणूस मला तुमच्यात पहिल्यांदा भेटलं.

या महिन्यात उचंताला एकच नोंद आहे. रविवारी वही घेऊन खाली येते. फूटपट्टी नाही ठेवलीत तरी चालेल.

तुमची,
वरच्या मजल्यावरची