बैठी नेमणूक मी घेतलेली नाही

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

कार्यालयातली बैठी नेमणूक मिळत होती, ती न घेता पोलीस ठाण्यातच राहते असे मी लिहून दिले आहे. फोनवर सांगितले असते तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी पावसाचा विषय काढला असता, म्हणून सविस्तर लिहिते.

पाळी संपली तरी हातातले काम संपत नाही, ही आईची तक्रार खरी आहे. अटक केली की २४ तासांच्या आत आरोपीला न्यायालयात हजर करायचे; त्याआधी वैद्यकीय तपासणी, नातेवाइकांना कळवणे, रिमांडचा अर्ज, स्टेशन डायरीतली नोंद. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि झडती-जप्तीचे चित्रीकरणही सक्तीचे झाले, त्यामुळे चाळीतल्या खोलीत पंच आणि घरची माणसे दाटीने उभी असताना मोबाइल स्थिर धरून पंचनामा पुरा करावा लागतो. पण हेच काम मला येते, बाबा.

परवा आईच्या वयाच्या एक बाई आल्या. व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या पोलिसाने त्यांना दिवसभर घरात डांबून पैसे काढून घेतले होते. मी उठले की त्याही उठून उभ्या राहत. आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळवले, मग फिर्याद घेतली. थोडी रक्कम बँकेत गोठवता आली. बैठ्या नेमणुकीत त्या मला भेटल्या नसत्या.

माझी आबाळ होत नाही. डबा वेळेवर येतो, क्वार्टरला पाणी आहे, नवे बूट चावत नाहीत. बंदोबस्ताहून आल्यावर पायांना खोबरेल चोळते. आई, तू चोळायचीस तेव्हा झोप लागायची, एवढाच फरक.

रजा बंद असल्याने गौरींना येणे होणार नाही. अनंत चतुर्दशीचा बंदोबस्त उरकला की येईन. तोवर बाबांनी रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. ‘डिजिटल अटक’ असे काही कायद्यात नाही. तसा फोन आला तर लगेच बंद करून आईला हाक मारायची आणि मला कळवायचे. गौरींचे मुखवटे माळ्यावरून काढायला शेजारच्या बंड्याला बोलवा. दिवाळीत झाले ते पुरे. बाबा शिडीवर चढले तर मला कळल्याशिवाय राहणार नाही.

तुमची,
सुमा