'आता वरडा, गाडी बंद हाय'

मामा,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे की" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

पोरीला १८ पूर्ण झाली, शिकाऊ लायसन आलं, आम्ही रीतसर क्लास लावला. नाव घेत नाही. पंधरा दिवस पोरगी नुसती स्टिअरिंग धरून बसली. क्लच-ब्रेक शिकवणाऱ्याच्या पायाखाली, मोबाईल त्याच्या कानाला. "झाली तयार" म्हणाला, आणि घराजवळच्या पहिल्याच चढाला गाडी बंद पडून मागं घरंगळली. पाहुणे तर त्याहून भारी! "आमचं पोरगं नववीपासून बुलेट मारतंय." २०१९ पासून अशा पोराच्या बापाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो म्हटलं, तर हसले.

तुमची उभी हयात एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. पोरीला शिकवायला तुमची अट एकच: बापानं रोज मागच्या सीटवर बसायचं. मला वाटलं, सोबतीला.

त्या संध्याकाळी रंकाळ्याच्या कडेनं जाताना तिनं रिक्षाला आरसा घासला आणि मी मागून ओरडत सुटलोच. तिचे हात थरथरत होते. तुम्ही मला अडवलं नाही. तिला गाडी कडेला घ्यायला लावली, इंजिन बंद करायला सांगितलं, किल्ली काढली आणि मागं वळून माझ्या हातात ठेवली. "आता वरडा. गाडी बंद हाय."

तोंडातून शब्द फुटेना. किल्ली गरम होती एवढंच आठवतंय. पोरगी आधी हसली, मग रडली.

पुढं एकदा गाडी चालवताना फोन घेतला म्हणून तुम्ही तिला टोकलं, तर ती म्हणाली, "पप्पा बी घेतात की." तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हापासून गाडीत माझा फोन डिकीत असतो.

पक्कं लायसन आल्यावर मला वाटलं, सुटलो. तुम्ही म्हणालात, अजून पाऊस बघितला नाही, रात्र बघितली नाही. ऊस सुरू झाल्यावर गगनबावडा रोडला अंधारात घेऊन गेलात. मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर अशा ट्रॉल्या. "म्होरं काळं दिसलं की ट्रॉली हाय असंच धरायचं." फी म्हणून घेतला तो फक्त चहा, तोही बिनसाखरेचा. अशी माणसं गल्लीत असताना आम्ही क्लासच्या पाट्या वाचत फिरत होतो.

रविवारी तांबडा-पांढरा आहे. तुम्हाला न्यायला ती येईल. मी मागं बसतो.