फुलाचे छायाचित्र आणि जातीचे नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या भटकंतीवर आलेला सचित्र लेख मी दोनदा वाचला. लेख प्रांजळ आहे आणि छायाचित्रे तर फारच देखणी आहेत. माझी तक्रार आहे ती छायाचित्रांखालच्या नावांविषयी. बाराही फुलांखाली शास्त्रीय नाव पूर्ण, म्हणजे दोन्ही शब्दांनिशी आणि कोणताही किंतु न ठेवता छापले आहे. त्यांतल्या निदान चार फुलांची जाती छापलेल्या छायाचित्रावरून कोणालाही ठरवता येणार नाही. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात उभी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर त्याच दरीत मी स्वतः फसले, म्हणून हे धिटाईने लिहीत आहे.

आधी एक शब्दाचा घोळ. मराठी विश्वकोशात ‘प्रजाती’ म्हणजे नावाचा पहिला शब्द, सख्ख्या-चुलत जातींचा गट. आणि ‘जाती’ म्हणजे दुसऱ्या शब्दाने पक्की होणारी एकेक वनस्पती. वृत्तपत्रांत मात्र हिंदीच्या वळणाने ‘प्रजाती’ हा शब्द जातीसाठीच वापरला जातो. त्यामुळे ‘प्रजातीपर्यंत ओळख पटली’ या वाक्याचा अर्थ वाचकागणिक बदलतो. या पत्रात मी विश्वकोशाचा अर्थ धरला आहे.

आता माझी फजिती. पाच वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये पायथ्याच्या घांगरिया गावाहून दरीत जाताना ओल्या गवतात मला पेडिक्युलॅरिसची गुलाबी फुले दिसली. वरची पाकळी टोपरासारखी वाकून पुढे बारीक चोच काढते, अशी या फुलाची ठेवण. गुडघे चिखलात टेकून मी चांगली वीस छायाचित्रे काढली आणि घरी येऊन चित्रांच्या पुस्तकाशी ताडून जातीचे नावही लिहून टाकले. पुढे हिमालयातील वनस्पतींवर काम करणाऱ्या एका अभ्यासकांना ती दाखवली, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला : “टोपरातल्या पुंकेसरांच्या तंतूंवर लव होती का, आणि असेल तर पुढच्या जोडीवरच की दोन्ही जोड्यांवर?” पुंकेसर चार, तेही टोपराच्या आत दडलेले; सुईने पाकळी चिरून दहापट भिंग लावल्याशिवाय ते दिसत नाहीत. या प्रजातीत जगभरात सहाशेच्या वर जाती आहेत आणि हिमालयात त्यांची दाटी आहे. एकमेकींसारख्या दिसणाऱ्या कित्येक जातींत हीच लव निर्णायक ठरते. काही जातींत फुलाची नळी इतकी लांब असते की पाहणाऱ्याला ती देठच वाटते. फूल खरे तर खाली पानाच्या बगलेतून निघालेले असते. माझ्या वीस छायाचित्रांपैकी एकातही ती बगल आलेली नव्हती. त्या दिवशी वहीतल्या नावाचा दुसरा शब्द मी खोडला.

ही अडचण मैदानी फुलांतही येते, पण उंचावर ती अधिक बिकट होते. तीन-साडेतीन हजार मीटरच्या वर फुलण्याचा हंगाम जेमतेम तीन-चार महिन्यांचा असतो. एकच जाती खाली ओढ्याकाठी हातभर वाढते आणि वर वाऱ्याच्या तोंडावर बोटभर राहून जमिनीला चिकटते. शिवाय आपण सारे जुलै-ऑगस्टात, ऐन बहरात तिथे जातो. कोथिंबिरीच्या कुळातील पांढऱ्या छत्र्यांसारख्या फुलोऱ्यांची ओळख पटते ती मुख्यतः पिकल्या फळांच्या कंगोऱ्यांवरून, आणि फळे धरेपर्यंत आपल्याकडचे बहुतेक गिर्यारोहक गणपतीसाठी घरी परतलेले असतात. रंगावर तर भिस्त ठेवूच नये. ॲनिमोनी ऑब्टुसिलोबा ही एकच जाती पांढरी, निळी आणि पिवळीही फुलते. पोटेंटिला ॲट्रोसँग्विनिया नावाप्रमाणे रक्तासारखी लाल, पण तिचाच एक प्रकार पिवळ्या फुलांचा असतो. आणि पिवळ्या पोटेंटिला ओळखायच्या तर पान उलटून खालची लव पाहावी लागते. त्यातून निळ्या-जांभळ्या छटा मोबाइलच्या कॅमेऱ्यात हमखास बदलतात, ते निराळेच.

जाणकारांचीही यातून सुटका नाही. भूतानचे राष्ट्रीय फूल असलेली निळी पॉपी वर्षानुवर्षे मेकोनॉप्सिस ग्रँडिस म्हणून ओळखली जात होती. २०१६ मध्ये तिचे मेकोनॉप्सिस गाकिडियाना या वेगळ्या जातीच्या नावाने वर्णन झाले. एका देशाच्या मानचिन्हाची ही गत, तर आपण उभ्या-उभ्या टिपलेल्या फुलाची काय कथा! आपल्याकडे तर त्याहून ढोबळ घोटाळा घरोघरी चालतो. कुंडीत रात्री उमलणारे ज्याला आपण कौतुकाने ब्रह्मकमळ म्हणतो, ते मध्य अमेरिकेकडून आलेले निवडुंगाच्या कुळातील एपिफायलम. आणि हेमकुंडच्या वाटेवर दिसणारे, उत्तराखंडाचे राज्यपुष्प असलेले ब्रह्मकमळ म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातील सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा. त्याच्या ज्या फिकट, झिरझिरीत ‘पाकळ्या’ छायाचित्रात उठून दिसतात, त्या पाकळ्या नसून फुलोऱ्याला वेढणारी पाने आहेत. खरी फुले आत, जांभळी आणि अगदी चिमुकली.

लेखातील नावे मोबाइलच्या ॲपवरून घेतली असावीत, असा माझा तर्क आहे; चुकला असल्यास लेखकांनी क्षमा करावी. अशी ॲप मीही वापरते आणि कुळ किंवा प्रजाती ओळखण्यात ती पुष्कळदा बरोबर ठरतात. पण ज्या जातींची पुरेशी छायाचित्रे त्यांना शिकवलेली असतात, त्यांचीच नावे ती सुचवू शकतात. युरोपातल्या आल्प्सची फुले हजारो हौशी लोकांनी टिपली आहेत. गढवालच्या एखाद्या दुर्मीळ जातीची दहा छायाचित्रेही नसतील. मग ॲप जवळची, प्रसिद्ध बहीण पुढे करते. आयनॅचरलिस्टसारख्या, हौशी लोकांच्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर त्या नावाला दुसऱ्या हौशी माणसाने दुजोरा दिला की ती नोंद संशोधनयोग्य समजली जाते आणि जागतिक माहितीसाठ्यात जाऊन बसते. तिथून ती कोणाच्या तरी यादीत उतरते, आणि मग जी जाती त्या दरीत नाही ती कागदोपत्री तिथे नांदू लागते.

यात नुसता शास्त्राचा सोवळेपणा आहे, असे कोणी समजू नये. आपल्या लेखातील सातवे छायाचित्र अतिविषाचे म्हणून छापले आहे. बाळगुटीत उगाळले जाणारे ते अतिविष म्हणजे ॲकोनायटम हेटेरोफायलम. त्याच प्रजातीत बचनागासारख्या जहाल विषारी जातीही आहेत आणि टोपीच्या आकाराचे फूल साऱ्यांचेच. अतिविषाची खोडाला बिलगणारी वरची पाने पाहिली असती तर काही बोलता आले असते, पण पार्श्वभूमी धूसर करण्याच्या सोयीने ती पाने नेमकी पुसली गेली आहेत. हल्ली फुलांच्या बहुतेक छायाचित्रांत हेच होते : फूल लख्ख, आणि ओळखीला लागणारे बाकी सारे धुक्यात.

फुले तोडून आणावीत, असे मी मुळीच सुचवत नाही. १९८२ पासून ती दरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथले फूल तोडणे गुन्हा आहे. शिवाय काही बाबतींत छायाचित्र वाळवलेल्या नमुन्यापेक्षा सरस असते. तेरड्याच्या प्रजातीतील, म्हणजे इम्पेशन्सची नाजूक फुले दाबून वाळवली की त्यांचा आकारच मोडतो. आयुष्याची अखेरची वर्षे याच प्रजातीला देणाऱ्या जोसेफ हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांना अशाच चुरगळलेल्या नमुन्यांशी झगडावे लागले होते. बाजूने आणि समोरून टिपलेले एक चांगले छायाचित्र त्यांना किती मोलाचे वाटले असते! पण आपल्या लेखात इम्पेशन्सचे आहे ते एकच, समोरून काढलेले, आणि त्या दरीतील उंच गुलाबी तेरड्यांची जाती सांगायला निदान शेंगेचा आकार तरी दिसायला हवा.

तेव्हा तिथे जाणाऱ्या वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते की देखणे छायाचित्र काढून झाल्यावर आणखी चार साधी काढावीत. पान हलकेच उलटून त्याची खालची बाजू, फूल बाजूने, झाड जमिनीतून निघते ती जागा, आणि जवळ आकार कळण्यासाठी स्वतःचे बोट किंवा रुपयाचे नाणे. तारीख आणि उंची त्याच दिवशी वहीत लिहावी. कासच्या पठारावरील गेंदाच्या फुलांना मात्र एवढेही पुरत नाही, त्यांचे बी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. काही ठिकाणी छायाचित्राने हात टेकायचेच असतात.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. जिथे खात्री नाही, तिथे ‘पेडिक्युलॅरिसची एक जाती’ एवढेच छापावे. त्याने लेखाला कमीपणा येत नाही. दुसरे, सातव्या छायाचित्राच्या वेळी लेखकांनी त्याच झाडाची आणखी काही छायाचित्रे घेतली असतील, तर त्यांत खोडावरची पाने दिसतात का ते कृपया विचारून घ्यावे. दिसत असतील तर ती पाहून मत कळवायला मी तयार आहे. नसतील तर पुढच्या रविवारी ‘अतिविष’ हे नाव मागे घ्यावे, ही विनंती.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा