टीव्ही नको, वायर बदला

ति. आई-बाबा,
सा. न.

आई, तू फोनवर जुन्या टीव्हीच्या चित्रातल्या मुंग्यांचं आणि तिरक्या रेघांचं सांगत होतीस तेव्हा बाबा मागून म्हणाले, "पिक्चर ट्यूब गेली." बाबा, ट्यूब थकली की चित्र काळवंडतं, धूसर होतं. मुंग्या आणि रेघा बहुतेक वेळा वायरीतून येतात. दुकानदार नवा टीव्ही घ्या म्हणणारच, त्याचा धंदा आहे तो.

तुमच्या डब्याची (सेट-टॉप बॉक्सची) वायर अजून टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात आहे. म्हणजे गच्चीवरच्या डिशच्या छत्रीकडून आलेलं स्वच्छ चित्र डबा पुन्हा एका चॅनेलवर चढवतो आणि टीव्ही ते परत उतरवून घेतो. या चढउतारात सगळा कचरा मिसळतो. त्याऐवजी तीन रंगांची पिनवायर लावा. पिवळी चित्राची, पांढरी-लाल आवाजाची. टीव्हीला आवाजाचं एकच भोक असेल तर पांढरी तिथे. मग टीव्हीच्या रिमोटवर एव्ही दाबा. स्वस्तातली केसासारखी बारीक वायर मात्र घेऊ नका.

चित्र काळं-पांढरं आलं तर घाबरू नका. डब्याच्या सेटिंगमध्ये एनटीएससी (NTSC, अमेरिकेतली रंगपद्धत) असेल, तिथे पाल (PAL, आपल्याकडची) करा. माणसं उभट दिसली तर तिथेच चित्राचा आकार १६:९ चा ४:३ करा. आणि बाबा, शार्पनेस शंभरावर ठेवायची तुमची सवय सोडा! त्याने बारकावे वाढत नाहीत, बातम्यांच्या अक्षरांना पांढरी किनार तेवढी येते.

पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग एकत्र येतात, म्हणून साडीच्या लाल काठावर ठिपके सरकताना दिसतील. तेवढं चालवून घ्या. टीव्हीमागे हिरवं-निळं-लाल अशी चित्राची वेगळी भोकं असतील तर डीव्हीडी प्लेअर तिथे जोडा, नाटकांच्या सीडी बघताना फरक कळेल. पण एचडीची अपेक्षा नको. पालच्या ६२५ रेघांतल्या ५७६च चित्राच्या, त्यापलीकडे हा टीव्ही जाणार नाही.

कोपऱ्यातला जांभळा डाग शेजारच्या स्पीकरच्या चुंबकाचा असणार. स्पीकर लांब सरकवा, टीव्ही भिंतीवरच्या बटणाने अर्धा तास बंद ठेवा. चालू करताना 'भुम्म' होईल, तेव्हाच डाग निघतो.

वायरी लावताना टीव्हीचं आणि डब्याचं, दोन्ही बटणं बंद. मागचं झाकण अजिबात उघडू नका, बंद टीव्हीतही जबर करंट साठलेला असतो.

आई, टीव्हीच्या आणि डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. कुठली पिन कुठे ते मी व्हिडिओ कॉलवर सांगते.

तुमची,
मनू