बॅटरीचा लाल दिवा दाराआड का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या उद्योग पुरवणीतला पीएलसीवरचा, म्हणजे कारखान्यातल्या मशिनी चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल कंट्रोलरवरचा, लेख वाचला आणि रात्रभर तोच डोक्यात राहिला. वेग, क्लाउड, मोबाईलवर दिसणारे आकडे यांना चार रकाने दिले आहेत. उष्णता, धूळ आणि लाईट जाणं यांना एक ओळही नाही. मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत बावीस वर्षं मेंटेनन्स बघतो. कंट्रोलर हळू चालतो म्हणून आमचा प्लांट एकदाही बंद पडलेला नाही.

ऑगस्ट २०१९चा पूर आठवा. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी होतं. आमच्या शेडमध्ये ते शिरलं नाही, पण पाच दिवस लाईट नव्हती. लाईट आल्यावर साच्यांची वाळू तयार करणारा सँड प्लांट चालू करायला गेलो, तर कंट्रोलरमध्ये प्रोग्रॅमच नाही. जुना पीएलसी, प्रोग्रॅम रॅममध्ये, आणि लाईट नसताना तो सांभाळणारी लिथियमची बॅटरी केव्हाच संपलेली. बॅटरी उतरल्याचा लाल दिवा कंट्रोलरवर होता. पण कंट्रोलर पॅनेलच्या आत आणि पॅनेलचं दार धुळीमुळे कायम बंद! तो दिवा किती महिने पेटलेला होता, देव जाणे. मी रोज त्या दारासमोरून जात होतो, हे आजही मनाला लागतं.

पॅनेल बनवून देणाऱ्याला फोन केला. प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा नोकरी सोडून गेलेला, कॉपी त्याच्या लॅपटॉपवर. आम्ही स्वतः कॉपी काढून ठेवावी, तर प्रोग्रॅमला पासवर्ड घातलेला. शेवटी वायरिंगच्या ड्रॉइंगवरून आणि आमच्या जुन्या ऑपरेटरमामांच्या आठवणीवरून लॅडर, म्हणजे पीएलसीचा शिडीसारख्या आकृतीतला प्रोग्रॅम, नव्याने लिहिलं. मुलरमध्ये, म्हणजे वाळू मळणाऱ्या मशिनीत, वाळू पडल्यावर पाणी किती सेकंद, वाळू धरून ठेवणारी बेंटोनाइट माती कधी, हे मामा मशिनीशेजारी उभे राहून तोंडाने मोजत होते आणि मी टायमरमध्ये आकडे भरत होतो. अकरा दिवस गेले. वाळूची ओल नीट जमेपर्यंत कास्टिंग भंगारात गेली ती वेगळीच.

नव्या कंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम फ्लॅश मेमरीत राहतो, त्याला बॅटरी लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण जुने पीएलसी अजून आमच्यासारख्या कितीतरी शेडमध्ये चालू आहेत. आणि नव्यांचंही दुखणं संपलेलं नाही. बहुतेकांवर ५५ किंवा ६० अंशांची मर्यादा लिहिलेली असते. मे महिन्यात भट्टीच्या बाजूच्या बंद पॅनेलमध्ये हात घालून बघा. पॉवर सप्लायमधला कपॅसिटर दहा अंशांनी जास्त तापला की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. थंड ठेवायला पंखा लावला, तर तो काळी धूळ आत ओढतो. त्या धुळीत कार्बन असतो, त्यातून वीज वाहते, आणि ती कार्डांवर बसली की इनपुट आपोआप चालू-बंद होऊ लागतात. पॅनेल बंद ठेवावं तर उष्णता, उघडावं तर धूळ. डिझाइन करणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न हा आहे आणि लेखात तोच नाही.

१९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या) पॅनेलऐवजी दुसरं काही मागितलं, तेव्हा ते कारखान्याच्या हवेत टिकलं पाहिजे आणि तिथल्याच इलेक्ट्रिशियनला सांभाळता आलं पाहिजे, ही अपेक्षा होती. डिक मॉर्ली आणि सहकाऱ्यांच्या मोडिकॉन ०८४ या सुरुवातीच्या पीएलसीला पंखाच नव्हता. लॅडरसुद्धा रिलेचं ड्रॉइंग वाचता येणाऱ्या माणसासाठी आलं. आज त्याच माणसाला रात्रपाळीत पासवर्ड माहीत नसतो, लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरचं व्हर्जन जुळत नाही, आणि लायसन्स हेड ऑफिसात असतं.

पुढचा लेख लिहिण्याआधी आपल्या लेखकांनी एखाद्या फाउंड्रीत मे महिन्यातली एक पाळी काढावी. मी स्वतः पॅनेल उघडून दाखवीन. बॅटरीचा दिवा दारावर बाहेर का देत नाहीत आणि ग्राहकाला प्रोग्रॅमची कॉपी का देत नाहीत, हे त्यांनी कंट्रोलर आणि पॅनेल बनवणाऱ्यांना विचारून छापावं.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोखाली 'आधुनिक कंट्रोलर' असं छापलं आहे. फोटोत आहे तो मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी ड्राइव्ह. आयटीआयची मुलं आपला पेपर वाचतात, कात्रणं वहीत चिकटवतात. तेवढी दुरुस्ती उद्याच्या अंकात यावी.

आपला,
एक मेंटेनन्सवाला वाचक,
शिरोली, जि. कोल्हापूर